ताकदीची बाटली

आमची आत्या गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सत्तरी ओलांडली तरी कापूस वेचायला जाते. ताप आला, अंग मोडून आलं, तोंडाची चव गेली, की ती डॉक्टरांपुढं जाऊन बसते आणि त्यांनी मनगटाला हात लावायच्या आत निकाल सांगून मोकळी होते, "एक बाटली लावा." नुसत्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर तिच्या लेखी अर्धाच. इंजेक्शन देणारा पाऊण. बाटली लावून दोन तास खाटेवर निजवणारा, तो खरा.

एका दिवाळीला तिच्यासोबत गेलो होतो. कंपाउंडरनं अर्ध्या लिटरची सलाईन स्टँडला अडकवली आणि एक बारकी अँप्यूल फोडून सुईनं तिच्यात सोडली. बाटलीतलं पाणी बघता बघता पिवळंजर्द झालं. आत्याचा चेहरा उजळला. "बघ, पांढरी निस्ती पाण्याची आसती. ही ताकदीची." दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी तशीच पिवळीधमक झाली, तेव्हा तिनं सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, अंगातली गरमी निघाली म्हणून.

गरमी नव्हे, व्हिटॅमिन निघालं होतं. ब गटातलं रायबोफ्लेविन मुळातच पिवळ्या रंगाचं. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांपैकी बहुतेकांची गत अशीच असते. शरीर गरजेपुरतं ठेवून घेतं, वरचं मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं. आत्यानं कापसाच्या वेचणीतून आलेले चारशे रुपये मोजले होते, त्यातला बराच भाग सकाळी मोरीतून वाहून गेला. पण हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटत असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

तेव्हापासून सवयच लागली. कुठंही कुणाला बाटली लावलेली दिसली की मी लेबल वाचतो. नॉर्मल सलाईन म्हणजे 0.9 टक्के मिठाचं पाणी. अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा शीग न लावता भरला तर जेवढं मावेल तेवढं. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतात ती पाच टक्के डेक्स्ट्रोजची. अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर. त्या साखरेत अर्ध्या भाकरीचीही ताकद भरत नाही. भाकरी खाल्ली तर पोटाला कळतं तरी.

बाटलीचा महिमा खोटा आहे असं मात्र नाही. हगवण-वांतीनं कोरड्या पडलेल्या, तोंडानं घोट घेता न येणाऱ्या माणसाला तीच मिठाच्या पाण्याची बाटली जीव परत देते. पण तिथंही 1971 साली एक वेगळाच प्रकार घडला. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. 2022 मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. शिरेतून जे द्यायचं ते तोंडानं दिलं तरी चालतं, हे सिद्ध करणाऱ्या माणसाच्या देशात तोंडानं चालणारी गोष्ट शिरेतून मागायची हौस काही कमी झालेली नाही.

●

आत्याची बाटली आता शहरात येऊन इंग्रजी बोलायला लागली आहे. माझ्या फोनवर अधूनमधून जाहिरात येते. मऊ खुर्चीत रेललेली तरुणी, हातात पुस्तक, दंडाशी पट्टी आणि वर टांगलेली पिवळी पिशवी. थकवा जाईल, त्वचा उजळेल, प्रतिकारशक्ती वाढेल, लग्नाआधी चेहऱ्यावर तेज येईल. सलाईन हा शब्द तिथं चालत नाही, ‘ड्रिप’ म्हणायचं. पिशवीचा रंग आत्याच्या बाटलीचाच, कारण आतलं रायबोफ्लेविनही तेच. फरक फक्त खुर्चीचा आणि बिलाचा.

या पिशवीचा मूळपुरुष अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात होऊन गेला. जॉन मायर्स नावाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, ब गटाची जीवनसत्त्वं आणि क जीवनसत्त्व यांचं मिश्रण शिरेतून देत. 1984 मध्ये ते वारले. कोणत्या औषधाची किती मात्रा, हे त्यांनी नीट लिहून ठेवलं नव्हतं. पुढं ॲलन गॅबी या डॉक्टरांनी आपल्या समजुतीप्रमाणं ती कृती जुळवली आणि 2002 मध्ये छापली. दम्यापासून अर्धशिशीपर्यंत बऱ्याच तक्रारींवर गुण आल्याचे अनुभव त्यात होते, पण मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार तेव्हाही नव्हता आणि नंतरही फारसा मिळाला नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं टेक्सासमधल्या अशाच एका ड्रिपवाल्या धंद्याला, कर्करोगापासून हृदयविकारापर्यंतचे दावे पुराव्याशिवाय करू नका, म्हणून बांधून घातलं. आपल्याकडं या यादीत ग्लुटाथायोनची भर पडली, तीही गोरं होण्यासाठी. गोरेपणासाठी शिरेतून द्यायचं औषध म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ते मंजूर केलेलं नाही, उलट त्याच्या धोक्यांबद्दल लोकांना सावध केलेलं आहे.

शिरेतून व्हिटॅमिन द्यावंच लागतं असे रुग्ण असतात. ज्याचं आतडं कापून टाकलंय किंवा काही पचवूच शकत नाही, त्याला सगळं जेवणच शिरेतून जातं, त्यात जीवनसत्त्वंही आली. दारूनं पोखरलेला माणूस भ्रमिष्ट होऊन रुग्णालयात आला तर त्याला थायमिन, म्हणजे ब-1, तातडीनं शिरेतून देतात. ते न देता आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा व्हायची भीती असते. असे रुग्ण मऊ खुर्चीत पुस्तक वाचत बसत नाहीत.

आणि ब-12? त्याची कमतरता आपल्याकडं खरीखुरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या आयांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जणींच्या रक्तात ब-12 कमी होतं. शाकाहार, आणि दूधदुभतं घरात असलं तरी ते डेअरीला जाणारं. पण ब-12 ची गोळी मिळते, दंडात घ्यायचं इंजेक्शनही मिळतं. ते इंजेक्शन रंगानं लालभडक असतं, त्यातल्या कोबाल्टच्या अणूमुळं. लाल म्हणजे रक्त वाढवणारं, असा एक समज आमच्याकडं आहे, आणि ब-12 च्या बाबतीत तो योगायोगानं खराही आहे.

●

व्हिटॅमिन आणि रक्त यांची गाठ महाराष्ट्रातच कशी पडली, हे फार जणांना ठाऊक नसतं. 1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका पंडुरोगानं पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून तिनं त्यांचं रक्त तपासलं, आणि त्या काय रांधतात, काय खातात हेही विचारलं. त्यांच्या रक्तपेशी संख्येनं कमी होत्या, पण आकारानं मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी बारीक होतात, म्हणजे इथं दुखणं वेगळंच होतं. उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले आणि शेवटी औषध सापडलं ते मार्माइट. ब्रेडला फासायचा यीस्टचा काळा, खारट लगदा, गोऱ्या साहेबाच्या न्याहारीतला. तो चाटवला आणि बायकांचं रक्त भरून यायला लागलं. 1931 मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. त्या लगद्यातला गुण देणारा पदार्थ पुढं 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याला नाव पडलं, फॉलिक ॲसिड.

आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. त्या दुसऱ्या आकड्यामागं परळच्या गिरणगावातल्या, नावं न राहिलेल्या बायका आहेत.

●

लोहाची गोष्ट मात्र व्हिटॅमिनपेक्षा वेगळी, आणि मला सांगायचं आहे ते इथंच.

माणसाच्या अंगात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं. एखादा खिळा होईल एवढंच. त्यातलं दोन तृतीयांश रक्तात. आतडं अन्नातून दिवसाला एखाद-दोन मिलिग्रॅम उचलतं. जास्त झालेलं लोह बाहेर टाकायला मात्र शरीराकडं वाटच नाही. ते लघवीवाटे पिवळं होऊन निघून जात नाही, यकृतात, हृदयात साचून बसतं. म्हणून निसर्गानं आतड्याच्या दारावर रखवालदार बसवलाय. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक लोहाचा साठा बघून दार उघडतं किंवा लावून घेतं. शिरेतून लोह देणं म्हणजे त्या रखवालदाराला वगळून मागच्या दारानं माल आत घेणं. घरात खरोखर दुष्काळ असेल तर ते योग्यच. पण दुष्काळ आहे की नाही हे आधी बघायला हवं. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलच्या रुग्णाचंही हिमोग्लोबिन कमी भरतं आणि अंगात लोह मात्र कधीकधी उतू जात असतं. ‘फार थकवा येतो, लोहाची एखादी बाटली लावून टाका’ हे म्हणूनच आत्याच्या पिवळ्या बाटलीइतकं निरुपद्रवी नाही.

उघडं लोह थेट शिरेत सोडलं तर ते विषच. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते कर्बोदकाच्या वेष्टनात गुंडाळायची युक्ती सापडली. त्यातलं जुनं आयर्न डेक्स्ट्रान बेभरवशाचं निघालं. काहींना त्याची अशी रिॲक्शन येई की श्वास अडकायचा. माझ्या वेळी आईला लोहाची इंजेक्शनं कमरेत दिली होती, त्याचे काळपट डाग तिनं कितीतरी वर्षं मिरवले. "हा डाग तुझा," असं ती मला म्हणायची. आता आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज आलंय. दुसऱ्याला रुग्णालयात सगळे नुसतं ‘एफसीएम’ म्हणतात. दोन्ही बरीच सुरक्षित, पण दिल्यावर अर्धा तास रुग्णावर नजर ठेवायची, ॲड्रिनलिन हाताशी ठेवायचं आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत द्यायचं नाही, हे ठरलेलं.

किती द्यायचं याचं गणित आहे. गान्झोनी नावाच्या डॉक्टरानं 1970 मध्ये मांडलेलं, आणि ते अजून केसपेपरच्या कोपऱ्यात पेनानं केलेलं दिसतं. समजा बाईचं गरोदर होण्याआधीचं वजन 50 किलो, हिमोग्लोबिन 7, न्यायचंय 11 वर. पन्नास गुणिले चार गुणिले 2.4, झाले 480. त्यात साठ्यासाठी 500 मिळवा. 980 मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी 200 मिलिग्रॅमच देता येतं, तेही दिवसाआड आणि आठवड्यात तीनदाच. म्हणजे पाच खेपा. एफसीएमचे 1000 मिलिग्रॅम अडीचशे मिलीच्या सलाईनमध्ये मिसळून पाव तासात एकाच खेपेत जातात. रंग कोऱ्या चहाचा. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीखाली तोच रंग उतरतो आणि डाग महिनोन् महिने जात नाही, म्हणून सिस्टर आधी साधं सलाईन सोडून शीर तपासून घेतात.

आकड्यांचं चित्र असं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत तो 48 टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांत 53.8 वरून 68.9. बोटाला टोचून थेंब मोजायच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते रास्तही असतील. पण गोळ्या वाटायचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून चालू आहे, ‘ॲनिमियामुक्त भारत’ 2018 पासून, आणि आकडा अजून इथंच घुटमळतोय. गोळी वाईट नाही. सौम्य रक्तक्षयाला तीच पुरते, नेमानं घेतली तर. पण तिनं मळमळतं, संडास काळी होते, कोठा जड होतो. बाळ काळं होईल किंवा फार वाढेल आणि बाळंतपण अडेल, असं सासू सांगते. शिवाय गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. आमच्याकडं चहाशिवाय गोळी कोण घेतो?

●

आमच्या औरंगाबाद शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, घाटीचं कुणी बदलू शकलं नाही. 1956 साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. अकराशेहून अधिक खाटा, आणि रुग्ण मराठवाड्यातून तर येतातच, शेजारच्या बुलढाणा-जळगावकडूनही येतात. ‘घाटीला नेलं’ म्हटलं की ऐकणारा समजून जातो की प्रकरण जड आहे. हिमोग्लोबिन पाचच्या खाली गेलं की बाटली लोहाची नसते, रक्ताची असते. तालुक्यातून मोठ्या दवाखान्याकडं गाडी निघते, रक्तपेढीशी नातेवाईक धावाधाव करतात, आणि बाई तोवर नवव्या महिन्यात असते. जी गोष्ट सहाव्या महिन्यात पाव तासाच्या कोऱ्या चहानं भागली असती ती.

सहाव्या महिन्यात ती असते कुठं? बहुधा उसाच्या फडात. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून, इकडं पैठण-कन्नडकडच्या तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता. अशा बाईला "दिवसाआड पाच वेळा सलाईनला या" म्हणणं म्हणजे न येण्याची सोय करून देणं. आशाताई तिच्या गावात, गोळ्यांचं पाकीट पेटीत, आणि ती उसाच्या पाचटात. एप्रिलमध्ये परतते तेव्हा मांडीवर बाळ असतं किंवा नसतं.

याच बायकांची पाळीत रक्त फार जाण्याची तक्रार बीडमध्ये कुठवर गेली हे 2019 मध्ये उघड झालं. सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. साधा हिशेब आहे. महिन्याला 80 मिली रक्त गेलं तर त्यासोबत 40 मिलिग्रॅम लोह जातं, आणि आतडं रोज एखाद-दोन मिलिग्रॅमच भरून काढतं, तेही जेवणात असेल तर. रक्त मोजायला कुणी गेलं नाही. पिशवी काढायला मात्र पैसे उसने मिळाले.

म्हणून जाहिरातीतल्या ड्रिपपेक्षा मला राग येतो तो वेळापत्रकाचा. शिरेतून एकदाच घ्यायची ही कोऱ्या चहाच्या रंगाची बाटली जिच्यासाठी जणू बेतून काढलीय, ती बाई गावातून निघायच्या आधी आपल्याला ठाऊक असते. मुकादमाच्या वहीत तिचं नाव असतं, आशाताईच्या वहीतही असतं. दोन वह्या एकमेकींना भेटत नाहीत, एवढंच.

●

जाता जाता जेवणातल्या लोहाबद्दल, म्हणजे बाजरीबद्दल. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 2017 मध्ये ‘एएचबी 1200’ आणि 2018 मध्ये ‘एएचबी 1269’ हे लोहसमृद्ध बाजरीचे संकरित वाण दिले. नेहमीच्या बाजरीत किलोला 45 ते 50 मिलिग्रॅम लोह, पहिल्यात 73 आणि दुसऱ्यात 91. ‘एएचबी’ मधला ‘ए’ औरंगाबादचा, तो बियाण्याच्या पिशवीवर अजून तसाच आहे. दुसऱ्या वाणाच्या दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकरींत साडेतेरा मिलिग्रॅम लोह. सगळं अंगी लागत नाही, बाजरीतलं फायटेट आडवं येतं. तरी महाराष्ट्रातल्या 246 शाळकरी मुलामुलींना अशाच लोहसमृद्ध बाजरीच्या भाकरी खाऊ घालून केलेल्या चाचणीत, ज्यांचा साठा आधी रिता होता त्यांचा तो साध्या बाजरीपेक्षा लवकर भरला. हे 2015 मध्ये छापून आलंय. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मंग दुकानात का मिळत नाई?" तिला उत्तर देता आलं नाही. रेशनवर तर बहुतेक गहू-तांदूळच येतो.

●

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अशाच एका 9 तारखेला पैठण तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दुपारभर बसलो होतो. बाकावर बायका दाटीनं बसलेल्या, कुणाच्या हातात केसपेपर, कुणाच्या हातात वडापावचा कागद. आतल्या खाटेवर विशीतली एक बाई. हिमोग्लोबिन साडेसात. सिस्टरनं आधी साधं सलाईन सोडलं, हाताची शीर दाबून बघितली, मग तपकिरी बाटली जोडली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वेळ लिहिली. बाईनं दुसऱ्या हातानं पदर तोंडावर ओढला होता. उशाशी सासू.

पाव तासात बाटली रिकामी झाली. सिस्टर म्हणाली, अर्धा तास इथंच पडून राहायचं, छातीत धडधडलं तर हाक मारा. सासूनं रिकाम्या बाटलीकडं बघितलं, मग शेजारच्या खाटेवर लटकणाऱ्या अर्ध्या लिटरच्या भरल्या पांढऱ्या बाटलीकडं.

"ताई," ती सिस्टरला म्हणाली, "एवढीशीच? येवढ्या लांबून आलोय, ती मोठीबी एक लावून द्या की."